तंजावरच्या राजवाड्यांतील मूर्तिसंग्रह व त्याचे दाखले

महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधकांस तंजावर हें नांव प्रथम आठवतें तें हस्तलिखितांमुळें. जयराम पिंड्ये याचें पर्णालपर्वतग्रहणाख्यान १९२३ मध्यें व परमानंदाचें शिवभारत १९२७ मध्यें कै. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं प्रसिद्ध केलें, आणि तंजावरच्या सरस्वती महालांत शिवकालाच्या इतिहासाचीं किती मोलाचीं साधनें पडून आहेत तें सर्वांस कळून आलें. तेव्हांपासून त्या ग्रंथालयाची वाट आमच्यांतील अभ्यासकांच्या पायाखालची झाली आहे. परंतु हें ग्रंथालय ज्या राजवाड्यांत आहे त्याच राजवाड्याच्या आवारांत चोलकालीन धातुमूर्तींचें व पाषाणमूर्तींचें एक मोठें कलादालन आहे, त्याची दखल मराठी लेखनांत फारशी घेतली गेलेली नाहीं. हस्तलिखितें पाहावयास गेलेला आपला मनुष्य त्या दालनांतून अर्धा तास फिरतो, मूर्ति सुंदर आहेत असें म्हणतो आणि पुन्हा रुमाल सोडावयास परत येतो. मूर्ति द्राविडी, त्यांचे लेख तामिळ, त्यांच्याशीं आपला संबंध काय, अशी यामागें समजूत असते. ही समजूत कशी अपुरी आहे, आणि त्या मूर्तींच्या इतिहासाचें एक साधन मराठी कागदांत कां शोधिलें पाहिजे, हें सांगण्यापुरताच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जागेविषयीं. तंजावरचा राजवाडा हा मुळांत नायक राजांचा. विजयराघव नायक १६७३ मध्यें मदुरेच्या सैन्याशीं लढतां लढतां पडला व त्या घराण्याचें राज्य बुडालें. पुढें विजापुरकरांच्या वतीनें आलेल्या व्यंकोजी राजांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर आपल्या हातीं घेतलें. तेव्हांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांच्या या शाखेनें तो राजवाडा वाढविला, दुरुस्त केला व त्यांत वास्तव्य केलें. त्यामुळें एकाच आवारांत नायकांचा दरबार, मराठ्यांचा दरबार, उंच शस्त्रागाराचा मनोरा, संगीत महाल व ग्रंथालय अशा निरनिराळ्या काळांच्या इमारती एकमेकींस खेटून उभ्या आहेत. नायकांच्या दरबाराकडील भागांत आज मूर्ति मांडल्या आहेत. म्हणजे चोलांच्या मूर्ति, नायकांच्या भिंतींत, मराठ्यांच्या राजवाड्यांत! तंजावरचा सारा इतिहास या एका वाक्यांत येतो असें म्हटल्यास चालेल.

हा संग्रह राजांनीं केलेला नाहीं, हें येथेंच स्पष्ट केलें पाहिजे. कारण राजवाड्यांत आहे म्हणून तो सरफोजी राजांचा असा गैरसमज पुष्कळांचा होतो. कलादालनाची स्थापना १९५१ ची. तंजावरचे त्या वेळचे कलेक्टर टी. के. पळनिअप्पन यांच्याकडे तिचें श्रेय जातें. स्थापनेची हकीकत अशी सांगतात कीं, तंजावरास लागूनच असलेल्या करंदै या वस्तींत ब्रह्मदेवाची एक जुनी पाषाणमूर्ति होती. ती बाहेरील संग्रहासाठीं नेण्याचा विचार निघाला, तेव्हां गांवकऱ्यांनीं हरकत घेतली, आणि कलेक्टरांनीं ती मूर्ति परगांवीं जाऊं न देतां राजवाड्यांत आणून ठेवविली. त्या एका मूर्तीमागून आसपासच्या पडक्या देवळांतील बेवारशी पाषाणमूर्ति व शेतांत सांपडलेल्या धातुमूर्ति येत गेल्या. मूर्ति बाहेर जाऊं नये या हट्टांतून हें वस्तुसंग्रहालय जन्मास आलें. आमच्याकडील पुष्कळ संग्रह एखाद्या धनिकाच्या वा संस्थानिकाच्या हौसेंतून निघाले. त्यांच्याहून याची जात निराळी आहे.

कलेक्टरच या कामीं पुढें कां आले याचेंही कारण आहे. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तु ज्यास सांपडेल त्यानें ती कलेक्टरास कळविली पाहिजे, असा दंडक आहे. कावेरीच्या मुखप्रदेशांत नांगर चालवितांना, विहिरीचा पाया खणतांना किंवा देवळाची फरशी उकरतांना मूर्तींचे ढीगच्या ढीग निघतात. त्या कोणीं पुरल्या? चौदाव्या शतकाच्या आरंभीं मलिक काफूरच्या स्वारीनें व त्यानंतरच्या धामधुमींत पुजाऱ्यांनीं उत्सवमूर्ति जमिनींत लपविल्या असें सामान्यतः मानतात, व कित्येक ठिकाणीं मूर्ति एका खड्ड्यांत नीट रचून ठेवलेल्या सांपडल्या त्यावरून तें पटण्याजोगें आहे. ज्यांनीं पुरल्या ते गेले. जागा सांगावयास कोणी उरलें नाहीं. सहाशें वर्षांनीं फाळ लागला तेव्हां देव वर आले.

या पुरण्याची खूण मूर्तीच्या अंगावर उमटलेली असते व ती पारखणाऱ्यास वाचतां येते. जी मूर्ति शतकानुशतकें पूजेंत राहिली तिचें नाकडोळ्यांचें काम अभिषेकानें व पुसण्यानें झिजून गुळगुळीत होतें; जी पुरली गेली तिच्यावर हिरवट थर चढतो, पण त्याखालीं मूर्तिकाराचें काम ताजें राहतें. तंजावरच्या दालनांतील पुष्कळ मूर्ति दुसऱ्या वर्गांतल्या आहेत. बैठकीस दोन्ही बाजूंस जीं भोकें व कड्या दिसतात त्या मिरवणुकीच्या वेळीं दांडे घालून देव उचलण्यासाठीं. देवळांत ह्या मूर्ति वस्त्रालंकारांनीं इतक्या झांकलेल्या असतात कीं मुखापलीकडे कांहीं दिसत नाहीं. मूर्तिकारानें घडविलेलें सर्वांग एका दृष्टीनें पाहावयास मिळतें तें वस्तुसंग्रहालयांतच, आणि देव देव म्हणून दिसतो तो देवळांतच. या दोहोंपैकीं एक निवडण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास आहे असें त्यास वाटत नाहीं.

संग्रहाचें मुख्य भूषण म्हणजे तिरुवेण्काडु येथील मूर्ति. हें गांव कावेरीच्या मुखाजवळ, शीरकाळीच्या बाजूस आहे. तेथील श्वेतारण्येश्वराच्या देवळाच्या आवारांतून १९५१-५२ च्या सुमारास धातुमूर्तींचा एक समूह निघाला. त्यांत वृषवाहन शिवाची मूर्ति सुमारें साडेतीन फूट उंचीची आहे. देव उभा आहे, एक पाय दुसऱ्यापुढें सहज आडवा टाकला आहे, जटा फेट्यासारख्या गुंडाळून वर नाग वेढले आहेत, आणि एक हात बाजूस अशा रीतीनें अधांतरीं टेकला आहे कीं तो कशावर टेकला असावा हें न सांगतां कळतें. तेथें नंदी होता. नंदी मिळाला नाहीं; तरी त्या हाताच्या ठेवणींत नंदीच्या वशिंडाची उंचीसुद्धां दिसते! शेजारीं देवी उभी आहे. याच गांवची कल्याणसुंदराची मूर्ति, म्हणजे पार्वतीचें पाणिग्रहण करणारा शिव व सलज्ज वधू, आणि भिक्षाटनाची मूर्ति याही येथें आहेत. तिरुवेण्काडूचाच प्रसिद्ध अर्धनारीश्वर मात्र चेन्नईच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत आहे. एका देवळाचें कुटुंब अशा रीतीनें दोन गांवीं वांटलें गेलें आहे, आणि ज्यास तें एकत्र पाहावयाचें त्यानें दोन ठिकाणच्या सूची शेजारीं शेजारीं मांडल्या पाहिजेत.

परंतु वृषवाहनाचें महत्त्व केवळ सौंदर्याचें नाहीं. चोलांच्या धातुमूर्तींवर बहुधा काल कोरलेला नसतो. त्यामुळें एक विद्वान एखादी मूर्ति दहाव्या शतकांतली म्हणतो, दुसरा बाराव्या शतकांतली म्हणतो, आणि दोघेही नाकाच्या धारेवरून व मेखलेच्या गांठीवरून वाद घालतात. तिरुवेण्काडूच्या देवळांत मात्र शिलालेख आहेत, आणि त्यांत राजराज चोलाच्या कारकीर्दीच्या सव्विसाव्या वर्षीं ही मूर्ति दिल्याची नोंद आहे. हा काल इ. स. १०११ येतो; देवीची मूर्ति १०१२ ची. म्हणजे हातीं एक मूर्ति आहे, भिंतीवर तिचा दाखला आहे, आणि दोन्ही एकाच गांवचीं आहेत. ज्या मूर्तींचा काल ठाऊक नाहीं त्या शेंकडों मूर्तींचा काल या जोडीवरून मोजला जातो. हीच मूर्ति कोणी गुपचूप खणून काढून परदेशीं विकली असती, तर मूर्ति शिल्लक राहिली असती, सुंदरही राहिली असती. पण भिंतीवरचा लेख व ती यांचा संबंध तुटला असता, आणि चोल शिल्पाच्या कालगणनेची एक खुंटीच निखळली असती.

दारासुरमच्या ऐरावतेश्वर देवळांतून आणलेली गजसंहाराची पाषाणमूर्ति व भिक्षाटन प्रसंगांतील ऋषिपत्नींचा समूह यांचें वर्णन येथें विस्तारानें करीत नाहीं. काळ्या पाषाणांत हत्तीचें सोललेलें कातडें देवामागें पसरतें व त्यांत देवाचें अंग पिळवटून वळतें, तें ज्यास पाहावयाचें त्यानें तेथें जाऊनच पाहावें. धातुमूर्तींच्या ओतीव कामाविषयीं मात्र दोन शब्द अवश्य आहेत, कारण पुढील मुद्द्यास ते लागतील. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें मानसोल्लास ग्रंथांत या कृतीचें वर्णन केलें आहे. प्रथम मेणाची मूर्ति करावयाची, तिच्यावर मातीचे लेप चढवावयाचे, तापवून मेण वाहूं द्यावयाचें व त्या पोकळींत वितळलेली धातु ओतावयाची. मूर्ति बाहेर काढण्यासाठीं मातीचा साचा फोडावाच लागतो. म्हणून या रीतीच्या कोणत्याही दोन मूर्ति एकसारख्या नसतात. प्रत्येक मूर्ति एकच. कुंभकोणाजवळ स्वामीमलै येथील स्थपति आजही याच रीतीनें मूर्ति करतात. दक्षिणेंतील जुन्या मूर्ति बहुधा भरीव असतात, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दाखल्यांचा विचार. वस्तुसंग्रहालयाची नोंदवही ही इंग्रजी अमदानींत आलेली गोष्ट आहे असें आपण मानतों. तंजावरास या समजुतीचें खंडन दगडावर कोरलेलें आहे. १०१० मध्यें पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराजानें स्वतः, त्याच्या राण्यांनीं, बहिणीनें व अधिकाऱ्यांनीं दिलेल्या धातुमूर्तींच्या याद्या आहेत. या मूर्ति साठांहून अधिक भरतात. प्रत्येक मूर्तीचें नांव, ती भरीव कीं पोकळ, हात किती, पायापासून केसांपर्यंत उंची किती अंगुळें, पद्मपीठाची उंची किती, प्रभावळ किती, हें सारें तेथें सांगितलें आहे, आणि माप देवळांत ठेवलेल्या हातानें घेतलें असेंही नमूद आहे. दागिन्यांचीं वजनें "आडवल्लान" या नांवाच्या प्रमाण वजनानें केलेलीं. हारांच्या वजनांत लाख व दोरे धरलेले आहेत कीं वगळलेले, येथपर्यंत काळजी घेतली आहे. हुल्श यांनीं हे लेख दक्षिण भारतीय शिलालेखांच्या दुसऱ्या भागांत छापले, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. आजच्या किती संग्रहालयांच्या वह्यांत एवढा तपशील असतो? वर्णन म्हणून "शिव, पंचधातु, बारावें शतक" एवढे तीन शब्द लिहून थांबणाऱ्या सूचीकारानें या भिंतीपुढें एक दिवस उभें राहावें.

याद्या राहिल्या, मूर्ति गेल्या. यादींतल्या मूर्तींपैकीं देवळांत आज अगदीं थोड्या उरल्या आहेत. नटराज, ज्यास लेखांत आडवल्लान म्हटलें आहे, व त्याची देवी या त्यांत मुख्य. खुद्द राजराज व त्याची राणी लोकमहादेवी यांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या दोन मूर्ति विसाव्या शतकांत देवळांतून नाहींशा झाल्या, त्या अहमदाबादेंतील एका खासगी संग्रहालयांतून २०१८ मध्यें परत आणण्यांत आल्या. त्याच या मूर्ति होत कीं नाहींत याविषयीं विद्वानांत मतभेद झाले. त्या वादांत कोणाचें म्हणणें खरें याचा निर्णय देण्याचें हें स्थळ नव्हे. लक्षांत घेण्याची गोष्ट इतकीच कीं, हजार वर्षांपूर्वीं कोणीतरी अंगुळें मोजून ठेवलीं होतीं म्हणून वाद घालावयास तरी आधार मिळाला.

जेथें असा आधार नव्हता तेथें काय झालें तें शिवपुरमच्या नटराजानें दाखविलें आहे. कुंभकोणाजवळच्या या गांवीं १९५१ मध्यें कांहीं धातुमूर्ति शेतांत सांपडल्या व त्या तेथील देवळास देण्यांत आल्या. मूर्ति दुरुस्तीस म्हणून बाहेर गेल्या. परत आल्या त्या नव्या ओतलेल्या नकला. गांवकरी त्यांचीच पूजा करीत राहिले. १९६५ मध्यें डग्लस बॅरेट यांनीं आरंभींच्या चोल धातुमूर्तींवरील आपल्या ग्रंथांत देवळांतली मूर्ति खरी नसल्याचें लिहिलें, तेव्हां ही गोष्ट उजेडांत आली. वर सांगितल्याप्रमाणें साचा फुटतो म्हणून मूळ मूर्तीची हुबेहूब नक्कल होऊं शकत नाहीं. पण तुलनेस मूळ मूर्तीचीं जुनीं छायाचित्रें नसतीं, तर बॅरेट यांच्यासारख्या जाणत्याचेंही म्हणणें कोणीं मानलें नसतें. खरा नटराज अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहांत पोंचला होता. वाटाघाटी व दावे होऊन तो १९८६ मध्यें हिंदुस्थानास परत मिळाला.

पत्तूरचा नटराज १९७६ मध्यें जमिनींतून निघाला व विकला गेला. त्यासाठीं लंडनच्या न्यायालयांत खटला चालून १९९१ मध्यें तो परत आला. श्रीपुरंदान येथील नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानें २००८ मध्यें पन्नास लाख डॉलरांना विकत घेतला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संशोधनसंस्थेच्या संग्रहांत ही मूर्ति देवळांत असतांनाचें छायाचित्र निघालें, आणि २०१४ मध्यें ती परत द्यावी लागली. या सर्व प्रकरणांत पोलिसांनीं व वकिलांनीं केलें तें केलेंच. परंतु त्यांच्या हातीं जें शस्त्र होतें तें कोणा अभ्यासकानें, त्या वेळीं कोणास कांहीं उपयोग न दिसतां, टिपून ठेवलेल्या दाखल्याचें होतें. उलट बाजूस नागपट्टणच्या बौद्ध मूर्ति पाहाव्या. १८५६ पासून पुढें तेथें सुमारें साडेतीनशें मूर्ति सांपडल्या व जगभरच्या संग्रहांत विखुरल्या. कोणत्या खड्ड्यांत कोणती कोणाशेजारीं होती हें आतां फारच थोड्यांविषयीं सांगतां येतें.

तंजावरचा राजवाडाही या चोऱ्यांतून सुटला नाहीं, आणि येथें प्रकरण थेट आपल्या घरीं येतें. सरफोजी राजे व त्यांचे पुत्र शिवाजी यांचें एक चित्र अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या पीबडी एसेक्स संग्रहालयानें २००६ मध्यें विकत घेतलें होतें. विकणारा दलाल पुढें मूर्तिचोरीच्या खटल्यांत सांपडल्यावर २०१५ मध्यें संग्रहालयानें तें अमेरिकन सरकारच्या स्वाधीन केलें. हें चित्र सरस्वती महालांतून गेलेलें होय असें तामिळनाडूच्या मूर्तिचोरीचा तपास करणाऱ्या पोलिसांनीं २०२२ मध्यें जाहीर केलें. त्याच ग्रंथालयांतील १७१५ चा छापील तामिळ नवा करार, ज्यावर सरफोजींची स्वाक्षरी आहे, २००५ मध्यें नाहींसा झाला होता. तो लंडनमधील एका संग्रहांत असल्याचा पत्ताही २०२२ मध्यें लागला. पुस्तक ओळखतां आलें तें स्वाक्षरीमुळें. सरफोजी आपल्या ग्रंथांवर नांव घालीत. हस्तलिखितांचे जे संग्राहक पोथीवर शिक्का उमटविणें हा पोथीचा अपमान समजतात, त्यांनीं या गोष्टीचा विचार करावा.

सरफोजी राजांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्या संग्रहवृत्तीविषयीं थोडें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. जन्म १७७७, तुळजाजी राजांनीं १७८७ मध्यें त्यांस दत्तक घेतलें, श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखालीं शिक्षण झालें, १७९८ मध्यें गादी मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षीं, १७९९ च्या तहानें, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला व राजवाडा एवढेंच हातीं उरलेल्या या राजानें उरलेलीं वर्षें विद्येंत घालविलीं. काशीयात्रेंत (१८२०–२२) हस्तलिखितें जमविलीं. देवनागरी छापखाना काढून १८०६ मध्यें इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर बालबोधमुक्तावली या नांवानें छापविलें. वैद्यक, अश्वविद्या, गजशास्त्र यांवरील सचित्र ग्रंथ जमविले. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्यें त्यांनीं भोसले घराण्याचें चरित्र कोरविलें, तें मराठींतील सर्वांत दीर्घ शिलालेख म्हणून ख्यात आहे. राजराजाच्या याद्या व भोसल्यांचें चरित्र एकाच मंदिरावर आहेत. आठशें वर्षांच्या अंतरानें दोन राजांस दगडच अधिक विश्वासाचा वाटला! स्वतः राजांचा संगमरवरी पुतळा, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याच्या हातचा, राजवाड्यांत आहे. हात जोडून उभा असलेला हा मराठा राजा चोलांच्या देवांचा शेजारी झाला, हा केवळ काळाचा योगायोग.

सरफोजी १८३२ मध्यें वारले. शिवाजी राजे १८५५ मध्यें निपुत्रिक वारल्यावर कंपनीनें राज्य व खासगी मालमत्ता दोन्हींवर जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनीं दावा केला; १८५९ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें हें राजकीय कृत्य असल्यामुळें न्यायालयाच्या कक्षेबाहेरचें आहे असा निर्णय दिला. पुढें १८६२ मध्यें सरकारनें मालमत्ता राण्यांस परत केली. या गडबडींतून ग्रंथालय वांचलें हें मोठें भाग्य. बर्नेल यांची संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्यें छापली गेली. राजघराण्याच्या वारसांनीं ग्रंथालय लोकांस दिलें व १९१८ मध्यें तें सार्वजनिक झालें. १९८३ मध्यें त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. मराठी हस्तलिखितें तीन हजारांवर आहेत. मोडी दप्तराचे रुमाल शेंकड्यांनीं मोजावे लागतात.

मूर्तींचा व या मोडी रुमालांचा संबंध असा. राज्य गेलें तरी देवळांची वहिवाट राजघराण्याकडे राहिली. बृहदीश्वरासह अठ्ठ्याऐंशीं देवस्थानें राजवाडा-देवस्थान म्हणून आजही ओळखलीं जातात व भोसले घराण्यांतील ज्येष्ठ पुरुष त्यांचा वंशपरंपरागत विश्वस्त असतो. ज्या घराण्याच्या दप्तरांत अन्नछत्रांच्या तांदुळाचा व दिव्यांच्या तेलाचा हिशेब राहिला, तेथें देवाच्या अंगावर काय चढलें, कोणती मूर्ति उत्सवास निघाली, कोणाची बैठक दुरुस्तीस गेली, याचा मागमूस शोधिला पाहिजे. १६७५ ते १८५५ हा एकशें ऐंशीं वर्षांचा काळ या मूर्तींच्या चरित्रांत सर्वांत अंधारा आहे. चोलांचे शिलालेख अलीकडे थांबतात. कलेक्टर कचेरीचे कागद व छायाचित्रें फार उशिरां सुरू होतात. मधल्या काळाचे कागद आहेत ते मराठी भाषेंत व मोडी लिपींत. ते वाचण्याचा पहिला हक्क म्हणा, ऋण म्हणा, आपल्याकडे येतें.

हें ऋण तामिळ विद्वानांनीं आमच्या आधीं ओळखलें, हें कबूल केलें पाहिजे. तंजावरच्या तामिळ विद्यापीठानें मोडी कागदांचीं तामिळ भाषांतरें टिपांसह तीन खंडांत १९८९ मध्यें प्रसिद्ध केलीं. मराठी दरबारचे कागद मराठी अभ्यासकानें तामिळ भाषांतरावरून वाचावे, ही स्थिति कोणासही भूषणावह नाहीं. शिवाय भाषांतरांत मोडींतील मोघम शब्द सरळ होतात, आणि मूर्तिशोधास तो मोघमपणाच मोलाचा असतो. "उत्सवमूर्ति", "भोगमूर्ति", "देवी लहान", "प्रभावळ मोडकी" असे कारकुनी शब्द मूळांत कसे पडले आहेत हें पाहिल्यावांचून ते कोणत्या वस्तूस लागू होतात हें ठरवितां येत नाहीं.

तेव्हां ज्यांस मोडी वाचतां येतें व तंजावरास कांहीं महिने राहतां येतें, त्यांस एक सूचना करावीशी वाटते. राजकारणाचीं पत्रें बाजूस ठेवून प्रथम देवस्थानांकडील हिशेब घ्यावे. प्रत्येक देवळाचें नांव तामिळ उच्चारासह लिहावें, कारण मराठी कारकुनांनीं गांवांचीं नांवें आपल्या जिभेस वळतील तशीं लिहिलीं आहेत व त्यावरून गांव ओळखणें हेंच अर्धें काम आहे. मूर्तीचा, दागिन्याचा, पालखीच्या दांड्यांचा वा डागडुजीचा उल्लेख सांपडेल तो मिति, रुमाल व मूळ शब्द यांसह जसाच्या तसा उतरून घ्यावा. अर्थ लावण्याची घाई करूं नये. मग तो उतारा घेऊन अंगण ओलांडावें व कलादालनांतल्या मूर्तीपुढें उभें राहावें. एखाद्या बैठकीची तुटकी कडी, पुन्हा जोडलेला हात, मागून केलेली प्रभावळ यांची जुळणी लागली तर त्या मूर्तीच्या पायाशीं तिरुवेण्काडूच्या वृषवाहनास जसा आहे तसा दाखला उभा राहील. जुळणी न लागली तरी यादी तयार होईल, आणि पुढें कोठें परदेशीं एखादी अनाम देवी विक्रीस आली तर ती चाळून पाहावयास उपयोगी पडेल.